चालू दर आणि न्याय्य दर

माधवनगरच्या पेठेत कुणी नवे दुकान थाटले, गल्लीत चार माग टाकले किंवा शेजारच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीत लहानसे वर्कशॉप उघडले, की जागा आणि वीज यांची सोय लागल्यावर एक प्रश्न हमखास विचारला जातो : “सध्या माणसाला काय दर चाललाय?” शेजारचा मागवाला एक आकडा सांगतो, समोरचा दुकानदार दुसरा. त्या दोहोंच्या मधला आकडा धरला जातो आणि कामगाराची मजुरी ठरते. माणूस कसबी असेल तर वर थोडे वाढवून दिले जातात. कारण कुपवाडला चार पैसे जास्त मिळाले तर तो उद्या तिकडे वळेल, आणि मागावरचा चांगला विणकर असेल तर थेट इचलकरंजी गाठेल, ही धास्ती मालकाला असतेच.

यात गैर काही नाही. बाजाराचा दर विचारूनच धंदा करावा लागतो. परंतु या प्रश्नाच्या मागे आणखी एक प्रश्न उभा आहे आणि तो सहसा कुणी विचारत नाही : चालू दर दिला म्हणजे माझे कर्तव्य संपले का? बाजारभावाने कांदा घेतला, पैसे चुकते केले, व्यवहार मिटला. माणसाचे कष्टही असेच विकत घ्यायचे असतात का? आपल्यापैकी काही जण मालक आहेत, बरेच जण कामगार आहेत, आणि घरी धुणेभांड्याला कुणी येत असेल तर आपण नकळत मालकच असतो. म्हणून हा प्रश्न सर्वांचाच आहे.

तासाचा हिशेब करून पाहावा

आपल्या भागात मजुरी तासावर क्वचितच ठरते. यंत्रमागावर ती मीटरवर ठरते आणि कापडात इंचाला किती पिक, म्हणजे किती आडवे धागे, यावर मीटरचा दर बदलतो. हमालाचा दर पोत्यावर, ऊसतोडीचा टनावर, दुकानातल्या पोऱ्याचा महिन्यावर आणि घरकामाचा ‘एका कामाला इतके’ असा. प्रत्येक पद्धतीमागे काही सोय आहे. पण या सर्वांत एक गोष्ट झाकली जाते, ती म्हणजे माणसाच्या आयुष्यातले तास.

एक साधे उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. समजा, मागावरच्या कामगाराला बारा तासांच्या पाळीचे ६०० रुपये पडतात आणि कापड दुकानातल्या कामगाराला आठ तासांचे ४०० रुपये. वरवर पाहता मागवाल्याची कमाई दीडपट. तासावर आणले तर दोघांनाही ५० रुपयेच. आता आणखी एक पाऊल पुढे जाऊ. दिवसाचे काम आठ तासांचे धरले, तर त्यापुढच्या जादा तासांना दुप्पट दर द्यावा असा कायद्याचा दंडक आहे. म्हणजे बारा तासांच्या पाळीत आठ तास साधे आणि चार तास दुप्पट, मिळून सोळा तासांचे दाम झाले. ६०० ला १६ ने भागा : तासाला साडेसदतीस रुपये. म्हणजे ज्याला आपण जास्त कमावणारा समजत होतो, त्याचा खरा दर दुकानातल्या माणसापेक्षा कमी निघाला. जास्त पैसे त्याच्या कष्टाला मिळालेले नाहीत. त्याने आपली झोप, आपल्या मुलांजवळचा वेळ विकून ते आणले आहेत.

याशिवाय जे तास मोजलेच जात नाहीत ते वेगळेच. बिम संपले आणि नवे चढेपर्यंत थांबावे लागले. वीज गेली. माग बिघडला आणि जॉबर दुसऱ्या शेडमध्ये अडकला. कामगार जागेवरच उभा आहे, घरी गेलेला नाही. पण मीटर पडले नाही म्हणून पैसा नाही. कांडी भरणाऱ्या मावशींचेही तसेच. सूत येईतो त्या बसून राहतात आणि बसल्याचे कुणी देत नाही. धंद्यातली जोखीम मालकाची असते असे आपण म्हणतो. इथे मात्र तिचा मोठा वाटा ज्याच्या घरात शिल्लक सर्वांत कमी त्याच्या अंगावर पडतो. कामगार काम करायला तयार असून मालकाने काम पुरवले नाही, तर त्याला पूर्ण दिवसाचे वेतन द्यावे, हे तत्त्व १९४८ च्या किमान वेतन कायद्यात होते. तो कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत सामावला गेला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. हे तत्त्व तिच्यातही कायम आहे.

‘तो स्वतःच्या मर्जीने आला होता’

यावर नेहमीचे उत्तर असते : “मी कुणाला बांधून आणलेले नाही. दर आधी सांगितला, त्याने मान डोलावली. पटत नसेल तर दुसरीकडे जावे.” हे उत्तर वरकरणी बिनतोड वाटते. ते तपासून पाहू.

दुसरीकडे जाणे कुणाला जमते? तरुण, सडाफटिंग, हाताला कसब असलेल्या माणसाला. त्याच्यासाठी मालकामालकांत चढाओढ असते आणि ती त्याच्या फायद्याची ठरते. पण ज्याने मुलीच्या लग्नासाठी मालकाकडून उचल घेतली आहे, तो ती फिटेपर्यंत हलू शकत नाही. त्याच्या दृष्टीने इचलकरंजीचा वाढीव दर असून नसल्यासारखाच. घरी अंथरुणाला खिळलेली सासू आणि शाळेत जाणारी दोन मुले असलेली बाई कुपवाडच्या कारखान्यात दिवसभराच्या पाळीला जाऊ शकत नाही. ती घराजवळचे काम मिळेल त्या पैशांत करते. पंचावन्न वर्षांच्या, नजर मंदावलेल्या विणकराला नवा मालक घेत नाही. गावाकडचे सर्व सोडून परराज्यातून आलेल्या आणि शेडमध्येच झोपणाऱ्या मुलाला दुसरे दार माहीतच नसते. या चौघांसाठी बाजारात चढाओढ नाही. जो सोडून जाऊ शकतो त्याचा दर बाजार ठरवतो. जो जाऊ शकत नाही त्याचा दर मालकाची सदसद्विवेकबुद्धी ठरवते. आणि मालकाच्या न्यायबुद्धीची परीक्षा पहिल्याच्या पगारात होत नाही, दुसऱ्याच्या पगारात होते.

परमगुरू पोप लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ रोजी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यासमोर नेमके हेच उत्तर होते. मजुरी उभयतांच्या कराराने ठरते हे त्यांनी नाकारले नाही. पण कराराच्याही आधीचा एक न्याय आहे असे त्यांनी सांगितले : साधेपणाने राहणाऱ्या कामगाराचा चरितार्थ चालेल एवढी मजुरी मिळालीच पाहिजे. गरजेपोटी किंवा याहून वाईट काही ओढवेल या भीतीने तो कमी मजुरीला तयार झाला, तर त्याची ती संमती खरी संमती नव्हे, त्याच्यावर बळजबरी झालेली आहे. १९९२ च्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातही, दोन्ही पक्ष राजी आहेत एवढ्यावरून वेतन नैतिकदृष्ट्या योग्य ठरत नाही, असेच शिकवले आहे.

कुणी म्हणेल, हा धर्माचा उपदेश झाला. तर मग आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाकडे पाहा. दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांची बांधकामे चालू असताना तिथल्या मजुरांच्या प्रकरणात १९८२ साली न्यायालयाने निकाल दिला, की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत कुणी राबत असेल तर ती राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने मना केलेली वेठबिगारीच होय. बळजबरी काठीचीच असावी लागते असे नाही, भुकेचीही असते. १८९१ साली रोममध्ये आणि १९८२ साली दिल्लीत, दोन अगदी वेगळ्या वाटांनी चालत आलेली माणसे एकाच ठिकाणी पोहोचली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

मालकाच्या मानेवर कोण?

एवढे वाचून एखादा मागवाला म्हणेल, “बोलणे सोपे आहे.” त्याचेही ऐकलेच पाहिजे. आपल्याकडचा यंत्रमागधारक पुष्कळदा खर्चीवाला असतो. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, याने फक्त विणून द्यायचे आणि मीटरमागे ठरलेली खर्ची घ्यायची. सुताचा भाव चढला वा कापड उठले नाही, की व्यापारी खर्ची कमी करतो. वीजबिल मात्र कमी होत नाही. असा मालक दिवसा स्वतः माग चालवतो आणि रात्री कामगाराच्या हाती सोपवतो. त्याला ‘शोषण करणारा’ म्हणून मोकळे होणे हाही एक अन्यायच आहे.

ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीने ही अडचण ओळखली आहे. १९३१ साली पोप पायस अकरावे यांनी मजुरी ठरवताना तीन गोष्टी पाहायला सांगितल्या : कामगार व त्याच्या कुटुंबाचा निर्वाह, धंद्याची परिस्थिती आणि सर्व समाजाचे हित. धंदा बुडेल इतकी मजुरी मागणे योग्य नाही, असे त्यांनी स्पष्टच म्हटले. पण त्याबरोबर हेही सांगितले, की योग्य किंमत न मिळाल्यामुळे धंद्याला योग्य मजुरी देता येत नसेल, तर ज्यांनी त्याला पडत्या भावात माल विकायला भाग पाडले, तेच त्या मजुराच्या नुकसानीचे अपराधी आहेत. म्हणजे पापाचा हिशेब शेडच्या दारात थांबत नाही. तो व्यापाऱ्याच्या गादीपर्यंत जातो आणि तिथून ‘आणखी स्वस्त दाखवा’ म्हणणाऱ्या आपल्यासारख्या गिऱ्हाइकापर्यंतही येतो.

एकटा मालक काही करू शकत नाही हे पुष्कळ अंशी खरे आहे. त्याने मजुरी वाढवली आणि शेजाऱ्याने नाही, तर खर्चीचे काम शेजाऱ्याकडे जाईल. म्हणूनच मजुरीचा तळ सर्वांनी मिळून ठरवावा लागतो. इचलकरंजीत २०१३ सालच्या आरंभी यंत्रमाग कामगारांनी मजुरीवाढीसाठी दीर्घ संप केला, तो गावातल्या सर्व मागांसाठी होता. त्याच्या कितीतरी आधी, १९१८ साली अहमदाबादच्या गिरणी कामगारांनी प्लेगच्या काळातला बोनस बंद होताच पगारात ५० टक्के वाढ मागितली होती आणि मालक २० टक्क्यांवर अडून बसले होते. गांधीजींनी महागाई, मुंबईच्या गिरण्यांतले पगार आणि मालकांची ऐपत यांचा विचार करून ३५ टक्के हा आकडा काढला आणि कामगारांना तेवढ्यावरच उभे केले. मागणीसुद्धा न्यायाने मोजून करायची असते, हा त्यातला धडा मालक आणि कामगार दोघांनीही घ्यावा असा आहे.

तरीही एक मर्यादा आहे, आणि तिच्याखाली ‘धंद्याची परिस्थिती’ हे कारण चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली एका निकालात म्हटले, की जो उद्योग आपल्या कामगारांना निर्वाहापुरते किमान वेतनही देऊ शकत नाही, त्याला चालू राहण्याचा हक्कच नाही. शब्द कठोर आहेत. पण विचार केला तर पटतात. भाडे परवडत नाही म्हणून आपण घरमालकाला निम्मे देत नाही. सूत परवडत नाही म्हणून गिरणीला निम्मे देत नाही. मग ‘परवडत नाही’ हे वाक्य फक्त माणसाच्याच बाबतीत का चालावे?

हिशेब स्वयंपाकघरापासून

न्याय्य दर तरी ओळखायचा कसा? १९५७ सालीच भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनात सरकार, मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींनी मिळून एक रीत ठरवली. ती बाजारापासून सुरू होत नाही, घरापासून सुरू होते. कामगाराचे कुटुंब तीन प्रौढ माणसांच्या गरजेइतके धरायचे. प्रत्येकी २७०० उष्मांकांचे अन्न, चौघांना मिळून वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि जळण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के जोडायला सांगितले.

७२ वार म्हणजे सुमारे ६६ मीटर कापड. साध्या सुती कापडाचे चार माग सांभाळणारा विणकर एवढे कापड एका पाळीत सहज विणतो. त्याच्या कुटुंबाला वर्षभर पुरावे असे कापड त्याच्या हातून रोज जाते. निदान तेवढे त्याला विकत घेता यावे, ही काही फार मोठी अपेक्षा नव्हे.

मालकाने वर्षातून एकदा तरी ही रीत आपल्याकडच्या एका कामगाराला लावून पाहावी. माधवनगरात दोन खोल्यांचे भाडे किती, महिन्याचा किराणा किती, दूध किती, शाळेची फी किती, दवाखान्याचे किती. बेरीज खाली मांडावी आणि शेजारी त्याचा पगार लिहावा. दोहोंतले अंतर पाहिल्यावर ‘चालू दर’ हा शब्द पूर्वीइतका निर्धास्तपणे तोंडातून निघणार नाही.

जुन्याला जुना दर

चढाओढीच्या दराचा आणखी एक परिणाम आपल्या नजरेतून सुटतो. माणसे मिळेनाशी झाली की नव्याला वाढवून घ्यावे लागते. मात्र दहा वर्षे राबणारा जुना माणूस जुन्याच दरावर राहतो. का? तर तो सोडून जाणार नाही हे मालकाला ठाऊक असते. म्हणजे त्याच्या निष्ठेचे त्याला बक्षीस मिळाले नाही, दंड झाला. नव्याचा पगार जुन्याला कळू नये म्हणून मग पाकिटे बंद होतात आणि कुजबुज सुरू होते.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दृष्टांत आपण अनेकदा ऐकला आहे. तो प्रथम परमेश्वराच्या उदार कृपेविषयी आहे. तासावर मजुरी देऊ नका असा काही तो नियम नव्हे. पण त्या मालकाचे वागणे मजुरी देणाऱ्याने बारकाईने पाहण्यासारखे आहे. पहाटे आलेल्यांना त्याने ठरलेला एक दीनार पुरता दिला, त्यातला पैसा कापून उशिरा आलेल्यांना दिला नाही. एका गटावरचा उपकार दुसऱ्या गटाच्या खिशातून केला नाही. पाचव्या फेरीला, दिवस मावळायला एक तास उरला असताना, चौकात उभ्या असलेल्यांना त्याने रिकामे का उभे म्हणून विचारले आणि कुणी कामाला लावले नाही हे त्यांचे उत्तर त्याने खरे मानले. त्यांना आळशी ठरवले नाही. दीनार म्हणजे एका दिवसाचा निर्वाह. काम एका तासाचे झाले म्हणून त्यांच्या घरी भूक एका तासाची नव्हती. आणि मजुरी त्याच संध्याकाळी दिली. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ असे म्हटले नाही. गरिबाची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी असा अनुवादाच्या पुस्तकातला आदेश आहे आणि याकोबाच्या पत्रात अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते असे चित्र आहे. मजुराच्या वेतनात अन्याय करणे हे स्वर्गाकडे आक्रोश करणाऱ्या पापांपैकी एक, असे ख्रिस्तसभा मानते.

आपल्या दारात

हे सर्व मागवाल्यांनाच लागू आहे असे समजू नये. १९७१ साली रोममध्ये भरलेल्या बिशपांच्या महासभेने सांगितले, की जो लोकांपुढे न्यायाची भाषा बोलतो त्याने आधी स्वतः त्यांच्या नजरेत न्यायी असले पाहिजे. ख्रिस्तसभेच्या सेवेत काम करणाऱ्यांनाही पुरेसा निर्वाह मिळाला पाहिजे, हे त्यात ओघानेच आले. शाळेचा शिपाई, वसतिगृहाची स्वयंपाकीण, दफनभूमीची निगा राखणारे मामा, आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या ताई, या सर्वांच्या बाबतीत ‘सेवा’ या शब्दाआड कमी पगार दडलेला नाही ना, हे आपणच पाहायचे आहे. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपले नाव घेताना तेराव्या लिओंच्या याच परिपत्रकाची आठवण सांगितली. तेव्हा ही शिकवण जुन्या काळाची म्हणून बाजूला सारता येणार नाही.

करण्यासारख्या गोष्टी फार अवघड नाहीत. पगार कोणत्याही पद्धतीने द्या, पण महिन्यातून एकदा तो तासावर आणून पाहा. थांबलेल्या वेळेचे काहीतरी बांधून द्या. नव्याचा दर वाढवाल त्याच दिवशी जुन्याचाही वाढवा. उचल जरूर द्या, ती अडचणीला धावून जाणारी मदत आहे. पण तिचा हिशेब वहीत दोघांच्या सहीने ठेवा आणि उचल बाकी आहे म्हणून दर दाबून धरू नका. खर्ची ठरवायला व्यापाऱ्याकडे जाल तेव्हा एकेकटे जाऊ नका, आणि तिथे कामगाराच्या मजुरीचा आकडा वेगळा मांडा, म्हणजे घासाघीस त्याला सोडून उरलेल्या रकमेवर होईल.

आणि घरी धुणेभांड्याला बाई येत असेल, तर येत्या आठवड्यात एकच करावे. ती रोज किती वेळ आपल्याकडे असते ते चार दिवस घड्याळ लावून पाहावे, महिन्याच्या पगाराला त्या तासांनी भागावे, आणि येणारा आकडा आपण आपल्या मुलीच्या एका तासासाठी घेऊ का, असे स्वतःला विचारावे. जे उत्तर येईल त्याप्रमाणे पुढच्या पहिल्या तारखेचा पगार ठरवावा.